उधारीचं पान

खोसा बोलीत अनोळखी माणसाला गाव विचारत नाहीत.
विचारतात : तुझी नाळ कुठे पुरलीय?
एकसष्ट वर्षं मी या प्रश्नाला
हसून बगल दिली.

म्बाशे नदीच्या वरच्या अंगाला बापाचं दुकान होतं.
रॉकेल, साखर, कांबळी, काचेचे मणी,
आणि काउंटरच्या आत, उंच स्टुलावर, मी.
भुरे केस, नाकाची सालपटं निघालेली.
बाहेरची पोरं मला फिकिले म्हणत.
फिकिले म्हणजे आलेला.
मी तर कुठूनच आलो नव्हतो,
त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत जन्मलो होतो.

त्या पोरांबरोबर गुरं वळली मी.
गाईच्या रंगांची चाळीस नावं येतात मला.
पाखराच्या अंड्यासारखी ठिपक्याठिपक्यांची,
विझल्या चुलीच्या राखेची,
झाड तोडल्यावर फटीतून आभाळ दिसावं तशी.
इंग्रजीत बघायला गेलो
की सगळ्या नुसत्या तपकिरी होतात.

एकदा नॉर्विचला गेलो, चुलतभावाकडे.
"आलास बाबा घरी एकदाचा," म्हणाला तो.
बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, कुठले?
म्हटलं, आफ्रिकेचा.
"नाही हो, म्हणजे मुळात?"
काचेवर पावसाचे थेंब होते. मी ते मोजत बसलो.

गेल्या शनिवारी नोसान्दिसेच्या मातीला गेलो.
मला पाठीला बांधून तिनं आमच्या फरशा पुसल्या.
तिची स्वतःची धाकटी तेव्हा
डोंगरापलीकडे, आजीजवळ, गाईच्या दुधावर.
हे मला चाळिशीत कळलं.
त्याआधी कुणी लपवलं नव्हतं.
मी विचारलं नव्हतं.

मांडवात मला खुर्ची दिली,
पहिल्या रांगेत, वॉर्डाच्या नगरसेवकाशेजारी.
घरचे सगळे खाली, गवती चटयांवर.
इतक्या अदबीनं
कुणाला इतकं लांब बसवता येतं,
हे मी आमच्या दुकानात शिकलो होतो.

माती लोटून झाल्यावर मामाटोलोनं बोलावलं.
नोसान्दिसेची धाकटी बहीण, नव्वदीची, एका डोळ्यात फूल पडलेलं.
माझा हात चाचपला, तपकिरीची डबी उघडली, म्हणाली,
"फिकिले, तुझी नाळ तिनं मागून घेतली होती, माहिताय?
तुझी आई म्हणाली, ने, टाकून दे कुठेतरी.
टाकायची कशी? कुत्री उकरतात.
आणि गोठ्यात पुरायची, तर तिथे आमच्या लेकरांच्या.
सासरा नको म्हणाला.
रात्रभर मडक्यात ठेवली तिनं.
सकाळी काटेरी कुंपणाच्या बरोबर खाली खड्डा केला.
ना आत, ना बाहेर."

मी विचारलं, कुठलं कुंपण?
ती हसली, एकाच दातानं.
"तीनदा सरकलं रे ते. एकदा सरकारनं सरकवलं,
एकदा तुझ्या बापानं,
एकदा ओढ्यानं. आता कोण सांगणार?"

माझ्या खिशात बापाच्या वहीचं एक पान होतं.
नोसान्दिसे : रॉकेल अर्धी बाटली, साखर दोन पौंड,
पोराचं कांबळं एक. पगारातून वळते करणे.
खाली हिशेब मिटल्याची रेघ नाही.
कबरीत टाकायचं म्हणून आणलं होतं.
पण कबरीभोवती सगळी तिची माणसं,
आणि माझ्या बापाचं अक्षर इतकं सुबक,
हात खिशातून निघेना.

निघताना मामाटोलोच्या नातीनं
गाडीत मागच्या सीटवर एक भोपळा ठेवला.
"किती?" असं विचारायला माझं तोंड उघडलं,
दुकानदाराचं पोर मी.
मिटलं.

घाटात प्रत्येक वळणाला
भोपळा या दारावरून त्या दारावर
आदळत राहिला.